इंगळे सिस्टरांची फौज

इंगळे सिस्टरांशी माझं पहिलं भांडण झालं ते एका घोड्यावरून. धाडच्या आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी लसींच्या फ्रिजचं तापमान लिहायला गेलो, तर शेजारच्या स्टॅबिलायझरवर बोटभर उंचीचा घोडा उभा. तांबूस अंगाचा, पुढचा एक पाय उचललेला. बोट लावलं तर बोटाला रंग लागला. लसींची खोली म्हणजे माझा प्रांत. तिथे कुणी पाण्याचा पेला विसरला तरी माझं डोकं फिरतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो. घोडा हातात धरून मी बाहेर आलो आणि रांगेतल्या पेशंटसमोर तावातावाने विचारलं, हा कुणाचा? लसीकरणाच्या टेबलामागून एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई उठली. तिने घोडा माझ्या हातातून काढून घेतला, त्याच्या पोटावर उमटलेला माझ्या बोटाचा ठसा नीट पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, वाळू तरी द्यायचा होता."

स्टॅबिलायझर दिवसभर कोमट असतो, रंग लवकर वाळतो, हा त्यांचा शोध. तो घोडा त्यांनी परत रंगवला, पण तेव्हापासून त्यांची माणसं आणि जनावरं माझ्या खोलीत आली नाहीत. ती केंद्रामागच्या त्यांच्या क्वार्टरच्या खिडकीत गेली. आणि मी, ज्याने त्यांना हाकललं होतं, तोच रोज दुपारी चहाच्या निमित्ताने त्या खिडकीशी जाऊन बसायला लागलो.

हे काय प्रकरण आहे ते समजायला मला थोडे दिवस लागले. सिस्टरांच्या बहिणीचा मुलगा सिद्धार्थ पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत. त्याला रविवारी लढाया खेळायचा नाद होता. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गाव असं सगळं मांडायचं, दोन बाजूंना धातूच्या शिपायांच्या दोन फौजा उभ्या करायच्या, कोण किती पुढे सरकणार ते टेपने मोजायचं आणि कोण पडणार ते फाशांवर ठरवायचं. खरोखर झालेल्या जुन्या लढाया ही मंडळी पुन्हा लढून पाहतात. शिपाई विकत मिळतात ते नुसते राखाडी. त्यांचे अंगरखे, पागोटी, मिशा हे सगळं ज्याचं त्याने रंगवायचं. सिद्धार्थने एका सुट्टीत तीस शिपाई मावशीकडे आणले, दोन रंगवले, कंटाळला आणि बाकीचे तिथेच टाकून गेला. उघड्या अंगाची अठ्ठावीस माणसं घरात पडलेली सिस्टरांना बघवेना. त्यांनी सगळ्यांना कपडे चढवले. ते पुण्यात पाहिल्यावर सिद्धार्थच्या सोबतच्या खेळाडूंनी आपापले डबे धाडला पाठवायला सुरुवात केली.

सकाळची बुद्धवंदना झाली की तासभर आणि दुपारी ओपीडी आटोपली की दीड तास, एवढंच त्या रंगवायच्या. गोळ्यांच्या रिकाम्या डबीच्या झाकणावर शिपाई चिकटवायचा, म्हणजे त्याला हात न लावता फिरवता येतो. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे खळगे म्हणजे रंगाच्या वाट्या. ही दोन्ही सामग्री माझ्याकडून जाई, आणि मी ती देताना उगाच कुरकुर करी. डोळे रंगवताना त्या श्वास सोडून थांबायच्या आणि तेवढ्यात ब्रशचं टोक टेकवायच्या. दीड महिन्याच्या लेकराला सुई टोचतानाही त्यांचं हेच असे. लेकरू रडायचं ते सुई निघाल्यावर, आठवण आल्यासारखं.

खेळणारा आपल्या फौजेच्या मागे उभा असतो, त्याला दिसते ती पाठ, हे त्यांना सिद्धार्थने सांगितलं होतं. म्हणून पाठीवरचे पट्टे, पिशव्या, अंगरख्याच्या चुण्या त्या अशा काढत की बघत राहावं. पण मग चेहऱ्यावर एवढा वेळ कशाला घालवता, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, समोर दुश्मन उभा असते ना, त्याले तं तोंडच दिसते. दुश्मनाचीही सोय बघणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

रंगांच्या संचात एक बाटली माणसाच्या कातडीच्या रंगाची म्हणून आली होती. उघडली तर आतून गुलाबी रंग निघाला. सिस्टर पोट धरधरून हसल्या. मग पंधरा दिवस त्यांनी रांगेतल्या माणसांचे हात पाहिले. रक्तदाब मोजायला कुणी बाही वर केली की यांची नजर काट्यावर कमी आणि दंडावर जास्त. उन्हात रापलेलं मनगट वेगळं, बाहीआडचा दंड वेगळा, तापातून उठलेल्याचा रंग वेगळा. माझाही हात त्यांनी खिडकीत उजेडाला धरला आणि शेजारी पाकिटातला रंग लावून पाहिला. मी खूश होऊन विचारलं, जमला का? त्या म्हणाल्या, तुमी सावलीतले, तुमी फौजेच्या कामाचे नाई. शेवटी त्यांनी सात रंग ठरवले आणि पुढे कुठल्याही पलटणीत सलग तीन शिपाई एका रंगाचे निघाले नाहीत.

आणि प्रत्येकाला नाव. शाळेच्या वहीत ओळीने लिहिलेलं असे. गणपत, सुलतानपूर. शेख बाबू, धाड. किसन, डोणगाव. मी डोणगावचा म्हणून किसनकडे जरा जास्त लक्ष दिलं तर तो निघाला फेंगड्या पायाचा. मी तक्रार केली. त्यावर त्यांनी सांगितलं की तो साच्यातूनच तसा आला आहे, त्याला त्यांचा इलाज नाही. पण नावं कशाला, हे मात्र मी गंभीरपणे विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर अजून माझ्या कानात आहे.

"नाव इचारल्याशिवाय मी कोनाले हात लावत नाई, भाऊ. नोकरी लागली तवापासूनची सवय हाय."

त्यांना एक गोष्ट मात्र सलायची. पंचवीस-तीस शिपाई तयार झाले की ते कापसात गुंडाळून पार्सल व्हायचे आणि जायचे. पुढचे आले की तेही जायचे. शेकड्याने माणसं त्यांच्या हाताखालून गेली, पण सगळी एका जागी उभी त्यांनी कधी पाहिली नव्हती. सिद्धार्थ मोबाइलवर फोटो पाठवायचा. त्या फोटो बोटांनी मोठा करून बघायच्या आणि मोबाइल उलटा ठेवायच्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. निवृत्तीनंतर काशी-रामेश्वर नको, लेह-लडाख नको, त्यांना एवढंच हवं होतं. "एकडाव सगळे एका जागी उभे पाह्यचे हायेत मले," असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज लहान होई.

ती संधी कर्णिकांच्या रूपाने चालून आली. कर्णिक हे सिद्धार्थच्या मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ. त्यांनी असईची लढाई टेबलावर उभी करायची ठरवली. असई आमच्या धाडपासून फार लांब नाही, जिल्ह्याची हद्द ओलांडून भोकरदनकडे गेलं की जवळच. शिंद्यांच्या कवायती पलटणी एका बाजूला, इंग्रज कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचे मिळून चारशे शिपाई, तोफा, बैल, घोडे. कर्णिकांनी सगळंच्या सगळं काम सिस्टरांना दिलं आणि फोनवर शब्द दिला की टेबल मांडलं की तुम्ही पुण्याला यायचं, समोर खुर्ची टाकून बसायचं. सिस्टरांनी त्या दिवशी चहात साखर घालायला विसरून मलाच दोनदा विचारलं, गोड झाला का.

शिपायांच्या पायाखालची माती कुठल्या रंगाची करायची यावर आमचं एकदा वाजलं. मी म्हटलं काळी, आपल्याकडे काळीच असते. त्यांनी ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही काळीपिवळी जीपने भोकरदनकडे गेलो, पुढे मोटारसायकलवाल्याला विनवून असईला. नदीच्या काठावर सिस्टर पदर खोचून खाली उतरल्या आणि त्यांनी तीन ठिकाणची माती तीन पुड्यांत बांधून घेतली. एक म्हातारा गुरं घेऊन चालला होता. त्याने विचारलं, माती तपासायला आलात का, सरकारी का? सिस्टर म्हणाल्या, हाव. मग त्यांनी त्यालाच विचारलं की सप्टेंबरात इथे कसं असतं. तो म्हणाला, तेव्हा कुठली माती दिसते बाई, सगळं हिरवं, मक्याशिवाय काय दिसत नाही. त्या काळी मका नसेल, ज्वारी असेल, पण हिरवं तर असणारच. लढाई सप्टेंबरातली. बांधून घेतलेल्या तिन्ही पुड्या घरी आल्यावर त्यांनी दारातल्या कुंडीत ओतल्या आणि चारशे शिपायांना हिरव्या गवतात उभं केलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ती शेवटची पिशवी आली.

पिशवीत बारा शिपाई होते, सगळे आडवे. कुणी पालथा, कुणी उताणा, कुणी कुशीवर. सिस्टरांनी ते हातावर घेऊन विचारलं, हे काऊन असे झोपले? मी सिद्धार्थला फोन लावून दिला. त्याने सांगितलं, पलटणीतली माणसं मारली गेली की उभे शिपाई उचलायचे आणि त्या जागी यातला एक ठेवायचा, म्हणजे नुकसान किती झालं ते दिसतं. सिस्टरांनी फोन ठेवला. चार दिवस त्यांनी ब्रशला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी गेलो तर बाराही जण झाकणांवर चिकटवलेले होते आणि सिस्टर चिमट्याने सुतासारख्या बारीक कापलेल्या गॉजच्या पट्ट्या त्यांना गुंडाळत होत्या. एकाच्या डोक्याला पट्टी, एकाचा हात गळ्यात, एकाच्या मांडीला घट्ट आवळून बांधलेलं. मग त्यावर रंग आला. पांढऱ्यावर किंचित पिवळट, मध्ये एक तांबडा ठिपका, तोही जुना दिसणारा. आजवरचं त्यांचं सगळ्यात देखणं काम होतं ते. मला ते इतकं आवडलं की यात काही चुकतंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

कर्णिकांच्या मात्र लगेच आलं. पार्सल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मोबाइल स्पीकरवर होता आणि मी समोरच होतो. कर्णिक आवाज चढवत नसत, पण त्यांचं म्हणणं कपाटाच्या कप्प्यासारखं असे, जे बसत नाही ते बाहेर. हे मेलेले आहेत, मेलेल्यांना पट्ट्या नसतात. त्या काळी लढाई चालू असताना असं बँडेज बांधत कुणी फिरत नव्हतं. आपण इतिहास मांडतोय, त्यात हे चालणार नाही. पट्ट्या खरवडून पुन्हा रंगवून द्या, मग मांडणीची तारीख ठरवू.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, डॉक्टरनं पाह्यल्याशिवाय मी कोनाले मेला म्हनत नाई. मले तो अधिकार नाई."

 कर्णिकांना ती चेष्टा वाटली असावी. बघू म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती चेष्टा नव्हती हे मला माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ मी पाहिली होती. बाळंतपणाच्या खोलीत एक मुलगी जन्माला आली ती निळी, न रडलेली. डॉक्टर बुलढाण्याला मीटिंगला गेलेले, रस्त्यात होते. बाहेर बाळाच्या आजीने कपडा मागवला होता आणि मामा कुदळ आणायला निघाला होता. सिस्टरांनी आतून कडी लावली. मी दाराबाहेर ऑक्सिजनचा दुसरा सिलिंडर घेऊन उभा. आत पिशवीने हवा देण्याचा आवाज येत राहिला, एकसारखा, मध्ये न थांबता. बाहेरून आजी म्हणत होती, आता पुरे कर बाई, तिले त्रास देऊ नको. सिस्टर आतून एवढंच म्हणाल्या की डॉक्टर येऊन सांगतील तेव्हा पुरे. डॉक्टर आले तेव्हा पोरगी रडत होती. आजही ती लसीला येते तेव्हा अख्खं केंद्र डोक्यावर घेते. ते रडणं ऐकून सिस्टरांच्या कपाळावर जी आठी पडायची ती खोटी असायची.

अशा बाईला पट्टी खरवड म्हणून सांगायचं होतं. मी तरीही सांगितलं. बारा पट्ट्यांसाठी तुम्ही आयुष्यातली एकच इच्छा घालवताय, धातूच्या बाहुल्या आहेत त्या, असं मी म्हणालो, आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो. सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी तोफांचं राहिलेलं काम संपवलं, बैलांच्या शिंगांना रंग दिला, शेवटचं पार्सल बांधलं आणि मलाच एसटीत टाकायला दिलं. सोबत चिठ्ठी नाही, विचारणा नाही. दोन महिने पुण्याहून फोन आला नाही. मोबाइल वाजला की त्या आधी नाव बघायच्या आणि मग उचलायच्या. निवृत्तीचा निरोप समारंभ झाला, शाल आली, नारळ आला. भाषणात मी त्यांच्या फौजेबद्दल बोललो तर त्यांनी मान खाली घातली. मला माझाच राग आला.

मग एका संध्याकाळी मी कर्णिकांना फोन केला. सिस्टरांना न विचारता. भांडायलाच केला होता, पण त्या निळ्या मुलीचं सांगता सांगता भांडण राहून गेलं. कर्णिक म्हणाले, मी विचार करतो. आठवड्याने सिस्टरांना निरोप आला, पुढच्या रविवारी या.

आम्ही दोघं आणि बुलढाण्याहून पुण्याची ट्रॅव्हल्स. सिस्टरांनी इस्त्रीची पांढरी साडी वेगळ्या पिशवीत घेतली होती आणि पुण्यात उतरल्यावर सिद्धार्थच्या खोलीवर ती नेसल्या. हॉल एका शाळेचा, पहिल्या मजल्यावर. दाराशी चपला काढायची गरज नव्हती, पण त्यांनी काढल्या. आत वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक चाळिशीच्या पुढची, खांद्याला टेप लटकवलेली. मध्ये ते टेबल.

सिस्टर टेबलाच्या कडेशी गेल्या आणि थांबल्या. पंधरा फूट लांब हिरवं रान, मध्ये दोन नद्या, मातीच्या भिंतीचं गाव, आणि चारशे माणसं उभी. ओळीत, दोन्ही बाजूंनी, निशाणं वर. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग हात मागे बांधून त्या टेबलाभोवती फिरल्या, रात्रपाळीच्या नर्सने वॉर्डात फिरावं तशा, प्रत्येक ओळीशी जरा थांबत. ओठ हलत होते. मला वाटतं त्या कुणाला तरी काही विचारत होत्या. मी आणि सिद्धार्थ भिंतीशी उभे. खुर्ची आणली होती ती रिकामीच राहिली.

गावाच्या मागच्या बाजूला एका झाडाखाली कापडाचं बोटभर छत टाकलं होतं आणि त्याखाली बाराही जण ओळीने निजवलेले होते, पट्ट्यांसकट. कर्णिक सिस्टरांच्या शेजारी येऊन उभे राहिले. उंच, वाकलेले, हातात फासे.

"इतिहासात हे बसत नाही," ते म्हणाले. "पण राहू दे."

सिस्टरांनी त्यांना हात जोडले. दोघंही अवघडले. मग कर्णिकांनी घसा साफ केला, सगळ्यांना आपापल्या बाजूला व्हायला सांगितलं आणि सिस्टरांना म्हणाले की पहिला फासा तुमच्या हातून पडू दे, मान तुमचा आहे.

कर्णिकांनी तळहातावर ठेवलेले फासे सिस्टरांनी पाहिले.  त्यांनी ते फासे तसेच कर्णिकांच्या हातात परत ठेवले, त्यांची बोटं मिटवली.

"तुमी खेळा, साहेब. मी पाह्यले. सगळे उभे व्हते. आता आमी निंगतो."

सिद्धार्थ पुढे झाला, मावशी, अजून सुरूही नाही झालं, असं काहीतरी म्हणाला. त्यांनी त्याच्या गालावर हात फिरवला आणि चालू लागल्या. कर्णिक मूठ मिटून तसेच उभे होते. मी पिशवी उचलून मागे निघालो.

दाराबाहेर त्या चपला घालत होत्या. एक पाय चपलेत गेला होता, दुसरा वर होता, तेवढ्यात आत टेबलावर फासे पडल्याचा आवाज आला आणि मग माणसांचा गलका झाला. त्या भिंतीला हात टेकून तशाच, एका पायावर, थांबल्या. गलका शमेपर्यंत थांबल्या. मग दुसरी चप्पल घातली.

"चला भाऊ," त्या म्हणाल्या, "गाडी हुकन."

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि आमची गाडी संध्याकाळी सातची होती.